भिलाईचा दादा

मी खोटं बोलतो हे आमच्या गल्लीत कुत्र्यांनासुद्धा ठाऊक होतं. मी भाकरीचा तुकडा दाखवून "या या" म्हटलं, तरी ती आधी एकमेकांच्या तोंडाकडे पाहायची. कन्हान नदी मी मगरीच्या पाठीवर बसून पार केली होती. रामटेकच्या गडावर एका म्हाताऱ्या माकडानं माझ्याशी शुद्ध हिंदीत भांडण केलं होतं, आणि भांडणात चूक माझीच निघाली म्हणून मी त्याची माफी मागितली होती. हे सगळं मी पानठेल्यावर उभं राहून सांगायचो, आणि लोक पान थुंकायचे थांबून ऐकायचे.

पण हे झालं चिल्लर. माझं खरं मोठं खोटं पुरी दोन वर्षं चाललं. त्याचा नायक माझ्या पाठीमागे आठ फुटांवर, बंद दाराआड बसलेला असायचा आणि ते खोटं कान देऊन ऐकायचा. तो माझा मोठा भाऊ. आम्ही त्याला दादा म्हणायचो.

आमचं घर विणकरांचं. पूर्व नागपुरातली गल्ली, दोन्ही बाजूंना मिळून चाळीस घरं, आणि जवळजवळ प्रत्येक घरात जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेला एक तरी माग. सकाळी सगळे माग एकदम सुरू झाले की पाहुण्याला वाटायचं मालगाडी घरातून चालली. आम्हाला मात्र तो आवाज थांबला की दचकायला व्हायचं.

दादा या गल्लीतला इंजिनिअरिंगला गेलेला पहिला पोरगा. तो कॉलेजात गेला त्या दिवशी गल्लीनं त्याला हार घातले. मी सांगताना हत्ती होता असं सांगतो. हत्ती नव्हता, बैलबंडी होती. पहिल्या वर्षी तो नापास झाला. दुसऱ्यांदा बसला, पुन्हा नापास झाला. निकालाच्या दिवशी तो घरी आला, ओट्यामागच्या सुताच्या कोठीत शिरला आणि त्यानं आतून कडी लावली. सत्तरचं दशक निम्मं सरत आलं होतं. मी अठराचा होतो, तो विसाचा.

आम्हाला वाटलं, थकला असेल, चार दिवस झोपू दे. चाराचे पंधरा झाले, पंधराचे महिने झाले. पहाटे गल्ली उठायच्या आत तो न्हाणीत जाऊन यायचा, तेवढाच बाहेर. ताट माय दाराशी ठेवायची; कधी रिकामं मिळायचं, कधी जसंच्या तसं. दाढी वाढली. नखं वाढली. ओट्यावर कोणाची चप्पल वाजली की आत चटईची सळसळ थांबायची. मी एकदा फटीतून पाहिलं, तर तो भिंतीला पाठ लावून श्वास धरून बसला होता आणि कपाळावरून घाम गळत होता. बाहेर तर फक्त दूधवाला आला होता.

"काय झालं गा तुले?" मी विचारलं.

"लोक पाहतात."

"दाराआडून?"

"तुले नाई समजणार."

खरंच समजत नव्हतं. असल्या गोष्टीला आमच्याकडे शब्दच नव्हता. दोनच शब्द होते, भूत आणि येडा, आणि मायला दोन्हींची सारखीच धास्ती. बाबांनी रामटेकला नवस बोलून पाहिला, धमकावून पाहिलं, एकदा दार तोडायला पहार घेतली. माय दारासमोर आडवी पडली. पहार पुन्हा कोपऱ्यात गेली.

अशात एका सकाळी समोरच्या मावशीनं मला ओट्यावर गाठलं. ही मावशी आमची नातेवाईक नव्हती, गल्लीची मावशी होती. नवरा लवकर गेलेला, आणि ती अर्ध्या गल्लीच्या कांड्या भरून द्यायची. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी. बोलताना तिचा चरखा थांबत नसे आणि चरखा फिरताना तिचं तोंड थांबत नसे.

"तुहा दादा दिसून नाई राहिला गा. कुठं गेला?"

मायच्या हातातलं सूप थांबलं. मी तोंड उघडलं, आणि आतून आपोआप निघालं, "भिलाईले. पोलादाच्या कारखान्यात नोकरी लागली ना त्याले!"

"हाव?"

"हाव. डायरेक्ट साहेबानं बोलावून नेलं. रेल्वेचं तिकीट पाठवलं, फस्ट क्लासचं."

मायनं मला आत नेऊन कानाखाली दिली. मग रडली. मग म्हणाली, "आता सांगतलंच हाय तं नीट सांग."

झालं! मला घरचीच परवानगी मिळाली. पुढं मी काय केलं ते सांगताना आजही माझी छाती फुगते, आणि फुगता फुगता मधेच थोडी दुखते. पहिल्या महिन्यात दादाला क्वार्टर मिळालं. तिसऱ्यात पंखा. सहाव्या महिन्यात त्यानं भट्टीत पडणाऱ्या एका रशियन साहेबाला गचांडी धरून मागे ओढलं, आणि साहेबानं आपलं मनगटी घड्याळ काढून त्याच्या हातावर बांधलं. मावशीला वाचता येत नव्हतं, तिला पत्र ऐकायची हौस. मी ओट्यावर बसून खड्या आवाजात पत्रं वाचायचो. हातात विजेचं बिल असायचं.

"अन् मले काही लिहिलं नाई का?" मावशी विचारायची.

"लिहिलं ना! मावशीले दंडवत. इकडच्या बाया तिच्याइतक्या सुंदर नाहीत."

"चाल, चावट!" आणि चरखा जोरात फिरायचा.

उमरेडहून दादासाठी स्थळ आलं. मुलीचे वडील स्वतः आले, ओट्यावर पोहे खाल्ले, आणि भिलाईला जाऊन मुलगा पाहून येतो म्हणाले. त्यांना थोपवायला मला भिलाईत गोवराची साथ आणावी लागली. मी अख्खं शहर आजारी पाडलं.

याच सुमारास बाबांचे गुडघे गेले. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून तासन्‌तास पावड्या दाबायच्या म्हणजे गुडघेच लागतात. आठ दिवस माग बंद राहिला. नवव्या दिवशी दुपारी आम्ही सगळे पडवीत बसलो होतो आणि मागाच्या खोलीतून आवाज आला. खटक्‌... खट. खटक्‌... खट. माय बाबांकडे पाहू लागली, बाबा माझ्याकडे. आम्ही तिघंही बाहेर होतो.

दादा कोठीतून निघून मागावर बसला होता. आज विचार केला तर वाटतं, त्याच्यासाठी जगात याहून बरी जागाच नव्हती. अर्धं अंग जमिनीत, तोंड भिंतीकडे, डोळ्यांसमोर फक्त ताणा, म्हणजे उभे ताणलेले धागे, आणि कोणी काही विचारत नाही. मायनं लगेच खिडकीला पोतं लावलं. लोकांना वाटेल, बाबाच विणतात.

इथं एक भानगड झाली. दादा विणायला बसला की बाबांनी घराबाहेर दिसायचं नाही! नाहीतर माग कोण चालवतो? ज्या माणसाला दिवसातून सात वेळा पानठेला लागायचा, तो आता दाराआड स्टुलावर बसून सुपारी कातरू लागला. एकानं कडी लावली होती, आता दोघे आत. बाबा माझ्यावर दात खायचे, "तुह्या भिलाईपायी माहं पान बंद झालं!" एका दुपारी त्यांना राहवलं नाही. ते डोक्यावरून टॉवेल घेऊन चोरासारखे ठेल्यावर गेले. इकडे आमचा माग खटक्‌-खट खटक्‌-खट चालू. ठेलेवाल्यानं पान दिलं, चुना जास्त लावू का विचारलं, बस्स. बाबा परत येऊन विजयी वीरासारखे म्हणाले, "कोणाले काई समजलं नाई! सारे भैताड हाय साले."

पण दादा मागावर बसला म्हणजे बरा झाला असं नव्हतं. दोन महिने विणायचा, मग महिनाभर हातच लावायचा नाही. चटईवर पडून राहायचा, ताट परत यायचं. एकदा मी दाराशी बसलो होतो. तो आतून अगदी सरळ आवाजात म्हणाला, "मी नसतो तं तुमाले बरं झालं असतं ना गा." पहाटे तो न्हाणीत गेला तेवढ्यात मायनं त्याच्या कोठीतली सगळी दोरी, विळी बाहेर काढली, आणि मी पहिल्यांदा एखादी गोष्ट न फुगवता सांगायची ठरवली.

सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांचे एक डॉक्टर बसत. त्यांच्यापुढे मी अर्धा तास बोललो. न फुगवण्याची सवय नव्हती, त्यामुळे रशियन साहेब मधेच डोकावून गेला.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "यातलं खरं किती?"

"चार आणे."

"तेवढंच पुन्हा सांगा."

मी सांगितलं. पाच मिनिटांत आटोपलं, आणि ते इतकं लहान दिसलं की मलाच लाज वाटली. डॉक्टरांनी मात्र तेच लिहून घेतलं. भूतही नाही आणि येडेपणही नाही, म्हणाले. उदासी आहे आणि माणसांची भीती आहे, दोन्ही एकमेकींना धरून बसल्या आहेत. "अशी आणखी पोरं मी पाहिली आहेत. मरणाची गोष्ट करतो म्हणता, तर दोरी-विळी काढली ते ठीक केलं; त्याला एकटा ठेवू नका, आणि मी येऊन पाहतो."

आले की! रविवारी, सायकलवर. अर्थात डॉक्टर म्हणून कसे आणणार? मी त्यांना सुताचा व्यापारी केला. त्यांनीही बिचाऱ्यांनी ओट्यावर सुताची लडी हातात घेतली, काय करावं न कळून नाकाला लावली, आणि "छान आहे" म्हणाले. मग आत जाऊन ते दाराबाहेर जमिनीवर बसले आणि दादाशी तासभर बोलले. काय बोलले माहीत नाही. मी कान लावला होता, पण दोघंही हळू बोलत होते. तिसऱ्या रविवारी कडी निघाली. पांढऱ्या गोळ्या सुरू झाल्या. जाताना डॉक्टर म्हणाले, "ओढून बाहेर काढू नका. पण तो यायला निघेल तेव्हा बाहेर त्याच्यासाठी जागा असू द्या."

मला वाटलं, जागा काय, चाळीस घरांची गल्ली आहे!

त्या गोळ्यांनी म्हणा, त्या बोलण्यानं म्हणा, पाच-सहा महिन्यांत दादा खाऊ लागला, दाढी करू लागला, माझ्याशी बोलू लागला. पण ओट्याचा उंबरा नाही ओलांडला. एका संध्याकाळी मी पत्र वाचून आत आलो. त्या दिवशी दादाला बढती दिली होती आणि हाताखाली साठ माणसं. दादा कोठीच्या दारात उभा होता.

"एक काम करशील का गा?"

"बोल ना."

"त्या भिलाईवाल्याले जरा आजारी पाड. नाईतं नोकरीवरून काढ."

मी हसलो. तो हसत नव्हता.

"तो लय पुढं गेला रे. साठ माणसं हाय त्याच्या हाताखाली. आता मी बाहेर निघू तं कोण म्हून निघू? लोक मले पाहतील, अन् त्याले शोधतील."

मी आयुष्यात एकदाच गप्प बसलो, तो हा प्रसंग. दार आतून त्यानं लावलं होतं; बाहेरून पत्र वाचत वाचत भिंत मी बांधली होती. फस्ट क्लास, क्वार्टर, पंखा, रशियन साहेब, एकेक वीट. आणि कौतुकानं, बरं का! मला वाटायचं, मी त्याची अब्रू राखतो आहे.

दुसऱ्या दिवशी मी मावशीकडे गेलो. रात्रभर बेत केला होता: भिलाईत मोठा स्फोट करायचा, दादाला जखमी करायचं, दोन दिवसांनी ट्रंक घेऊन स्टेशनवरून आणल्यासारखं आणायचं. पण तोंड उघडलं आणि मावशीच्या चरख्याकडे पाहून सगळं विसरलो.

"मावशी, दादा भिलाईले नाई."

"हाव." चरखा फिरतच होता.

"घरातच हाय. दोन वर्ष झाले."

"हाव ना."

"तुले माहीत हाय?"

आता चरखा थांबला. "भैताडा, तीस वर्ष झाले मी या गल्लीच्या कांड्या भरून राहिली. तुह्या बापाचा हात कसा पडते अन् तुह्या दादाचा कसा, मले नाई समजणार? तुहा बाप धडाधड दोन ठोके मारते. तुहा दादा एक मारते, थांबते, मंग दुसरा मारते. लहानपणापासून तसाच. पोटात होता तेव्हाही तसाच लाथ मारत असन."

"म्हंजे पहिल्या दिवसापासून..."

"ज्या दिवशी मागावर बसला त्या दिवशी साऱ्या गल्लीले माहीत झालं. अन् तुहा बाप! मागं माग चालू, अन् हा ठेल्यावर पान खाऊन राहिला! ठेलेवाला आत जाऊन पोट धरून हसला बिचारा."

"अन् सुताचा व्यापारी?"

"सुताचा वास घेते का कोणी व्यापारी? दवाखान्यातला मानूस हाय, चपलेवरून दिसते."

"मंग बोलली काहून नाई?"

मावशीनं तुटलेला धागा जिभेला लावून सांधला. "तुमी लपवून राहिले, म्हून आमीबी लपवलं. दुखणं हाय घरात, एवढं समजते ना आमाले. अन् पत्र तं तू मस्तच वाचत होता. ते विजेचं बिल मात्र एकडाव उलटं पकडलं होतं."

मी माझ्या काळातला नागपुरातला सर्वांत मोठा गप्पाड्या. मला चाळीस घरांनी मिळून दीड वर्ष फसवलं, आणि एकाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही! एवढा अपमान माझा त्या माकडानंही केला नव्हता.

मी घरी जाऊन दादाला सगळं सांगितलं. ठोक्याचं, पानाचं, बिलाचं. त्यानं हातातली कांडी खाली ठेवली. मग म्हणाला, "सारे ऐकत होते?"

"सारे."

"अन् मी विणत होतो, ते कसं हाय म्हणे?"

हे मी विचारलंच नव्हतं! पळत गेलो, पळत आलो. "लुगड्याचा काठ बापापेक्षा सरळ हाय म्हणते. पण ठोका अजून हळू हाय."

त्या दिवशी दुपारी आमच्या मागाचा ठोका जरा जोरात पडला, हे मलाही ऐकू आलं, आणि मला तर कान नाहीत असं बाबा म्हणायचे.

आता पांजणीचं सांगतो. नवा ताणा मागावर चढवण्याआधी त्याला खळ पाजावी लागते. पहाटे गल्लीच्या लांबीभर ताणा बांबूंवर ताणायचा, भाताची खळ लावायची, दोन माणसांनी लांब कुंचे घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचं आणि बाकीच्यांनी तुटले धागे सांधत जायचं. ऊन चढायच्या आत आटोपलं नाही तर धागे एकमेकांना चिकटतात आणि अख्खा ताणा वाया. ज्याचा ताणा असेल त्याच्यासाठी आजूबाजूची घरं उतरतात. आणि पांजणीत एक रीत आहे: धाग्यावरून नजर काढायची नाही. बाजूनं वरात गेली तरी मान वर करायची नाही.

आमच्या ताण्याची पाळी आली तेव्हा आदल्या संध्याकाळी मी दादाला एवढंच म्हणालो, "पांजणीत कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नाई, तुले माहीतच हाय." दादा म्हणाला, "माहीत हाय." बस्स.

पहाटे ताणा लागला. मार्चचे दिवस, वारा सुटलेला. वारा पांजणीचा वैरी; खळ पटपट सुकू लागली. बाबांचे गुडघे अर्ध्या वाटेतच बसले आणि त्यांच्या हातचा कुंचा खाली आला. उजेड होत होता. मावशी सांधता सांधता ओरडली, "अरे धरा ना कोणी! सुकून राहिलं!" मी पुढं झालो, पण माझ्या हाती कुंचा म्हणजे माकडाच्या हाती, सगळ्यांनी एकदम "तू नको!" म्हटलं.

मागं ओट्यावर पावलं वाजली. मी रीत मोडून मान वर केली, मी एकट्यानं. दादा उंबऱ्यावर उभा होता, अंगात बनियन, कपाळावर तोच घाम. तो उभा राहिला, ते मी सांगताना तासभर सांगतो. कुंचा एकदा बुडवून निथळायला लागतो तेवढाच वेळ झाला असेल. मग तो ओट्यावरून खाली उतरला, बाबांच्या हातून कुंचा घेतला आणि ताण्याच्या कडेनं चालू लागला.

कोणी वर पाहिलं नाही. कोणी "आला का" म्हटलं नाही. फक्त कुंच्याचा खसखस आवाज. दादाचा हात दोन वर्षांत विसरला होता, खळ एका जागी जास्त बसली. मावशीनं धाग्यावरून नजर न काढता टोमणा हाणला.

"भिलाईले हेच शिकवलं का गा तुले?"

कुंचा थांबला. मला वाटलं, आता हा कुंचा टाकून आत जाईल आणि पुन्हा कधी येणार नाही.

"तिकडं सूत नसते ना मावशी," दादा ताण्याकडे पाहतच म्हणाला. आवाज घोगरा निघाला. "तिकडं नुसतं लोखंड. त्याले खळ लागत नाई."

पहिल्यांदा ठेलेवाला हसला, मग मावशी, मग सगळे, धाग्यांवर डोळे ठेवून. बाबा ओट्यावर गुडघे धरून बसले होते, त्यांनी टॉवेलानं तोंड पुसलं. दादा दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. ऊन यायच्या आत ताणा झाला.

त्यानंतरही काही वर्षं तो अधूनमधून कोठीत जायचा, आठ दिवस, पंधरा दिवस. डॉक्टरांकडे मात्र स्वतःच्या पायानं जायचा. पुढं तो आमच्या गल्लीत सगळ्यांत सरळ काठ विणणारा झाला, आणि ठोका शेवटपर्यंत हळूच राहिला.

ही पांजणी मी अनेकदा सांगितली आहे. दोनशे माणसं जमली होती असं सांगतो, बँडबाजाही सांगतो. आज खरं लिहितो. त्या पहाटे ताण्यावर नऊ माणसं होती. दादाला धरून दहा.